नवमीचा पाहुणा

रस्त्यात परदेशी माणूस दिसला की आपण काय करतो? बघून न बघितल्यासारखं करतो. फारच उत्साह असला तर 'हॅलो' म्हणतो. आमच्या चाळीतले कर्णिककाका त्याच्यासमोर जाऊन उभे राहतात आणि त्याला 'कांदा' म्हणतात. म्हणजे त्याच्या भाषेत कांद्याला जो शब्द असेल तो म्हणतात. देश माहीत नसला तर एकेक शब्द लावून बघतात, चाव्यांचा जुडगा घेऊन कुलूप उघडायला बसल्यासारखे.

एकदा चिंचपोकळीच्या पुलावर एक उंच, उन्हाने लालबुंद झालेला माणूस फोटो काढत होता. मी आणि काका बाजार घेऊन येत होतो. काका थांबले. म्हणाले, "लूक?" माणूस मागे सरकला. "त्सिबुल्या?" त्याने कॅमेरा छातीशी धरला. "सोआन? यांगपा?" आता तो पोलीस शोधत होता आणि मी कुठली गल्ली पकडून पळ काढता येईल ते. तेवढ्यात काका म्हणाले, "क्रेमिडी?" आणि त्या माणसाने भर पुलावर त्यांना मिठी मारली. ग्रीक होता. संध्याकाळी आमच्या गॅलरीत बसून तो बोंबलाचं कालवण आणि भाकरी खात होता.

"शुभदा," काका मला नेहमी सांगतात, "कांदा कळला की देश कळला."

मोरेश्वर कर्णिक बोटींना माल पुरवणाऱ्या एका पेढीत कारकून होते. बोट बंदराबाहेर नांगर टाकून उभी असायची आणि हे भाऊच्या धक्क्यावरून लाँचमध्ये कांदे-बटाटे, कोबी, अंडी, साबण, सुतळी असं सगळं घालून निघायचे. बोटीवरचा आचारी शिडीशी उभा राहून माल बघायचा, कुजकं असेल ते समुद्रात फेकायचा आणि स्वतःच्या भाषेत शिव्या द्यायचा. काका त्या शिव्यांतून भाज्यांची नावं निवडून घ्यायचे. त्यामुळे जगातल्या कितीतरी भाषांत त्यांना भाजी मागता येते, आणि भाजी कुजकी निघाली तर पुढचंही बोलता येतं. इंग्रजीत मात्र त्यांचं क्रियापद एकच: फिनिश. पोटॅटो फिनिश. लाँच फिनिश. पेढी बंद पडली तेव्हा घरी येऊन त्यांनी काकींना सांगितलं, "कंपनी फिनिश." आणि चहा मागितला.

इतक्या देशांच्या बोटींवर चढलेला हा माणूस स्वतः अलिबागच्या पलीकडे गेलेला नाही. मी एकदा चिडवलं तर म्हणाले, "परदेशी बोटीच्या डेकवर उभा राहिलो म्हणजे परदेशात गेलो की नाही? व्हिसा लागला नाही, एवढंच."

पण खरी गंमत माल पुरवण्यात नव्हती. काका बोटीवरची माणसं घरी आणायचे. महिनोन् महिने पाणी बघून कंटाळलेला एखादा खलाशी बंदरात उतरला की काका त्याला कॉटन ग्रीनवरून चालवत आमच्या चाळीत घेऊन यायचे. "बोटीतून उतरलेला माणूस आधी भुकेला असतो, मग परदेशी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चाळीच्या उत्सव मंडळात त्यांनी 'आंतरराष्ट्रीय पाहुणे समिती' नावाची समितीसुद्धा काढली होती. अध्यक्ष, चिटणीस आणि सभासद सगळे तेच. वार्षिक सभेत समितीचा अहवाल स्वतः वाचायचे आणि स्वतःच अनुमोदन द्यायचे.

त्या समितीने आमच्या चाळीला जे जे दिलं ते आठवलं की अजून हसू येतं. सत्यनारायणाच्या पूजेला एक कोरियन बसला होता. प्रसादाचा शिरा त्याला इतका आवडला की तो पुन्हा पुन्हा नमस्कार करून पुन्हा पुन्हा हात पुढे करत होता आणि भटजी त्याच्या भक्तीने भारावले होते. एक तुर्क कॅरममध्ये आमच्या सगळ्या पोरांना हरवून गेला. एका युक्रेनियन माणसाने आमच्या मजल्यावरची कपडे वाळत घालायची दोरी बांधून दिली. ती गाठ आजपर्यंत कोणाला सुटलेली नाही. चाळ पाडायला माणसं येतील तेव्हा त्यांनाच काय ते जमलं तर जमेल.

हो, चाळ पाडणार आहेत. दिवाळीनंतर सगळ्यांनी खोल्या रिकाम्या करायच्या. कोणी विरारला चाललं आहे, कोणी कळव्याला. पुन्हा इथे येऊ असं सगळे म्हणतात आणि म्हणताना एकमेकांकडे बघत नाहीत. काका पुतण्याकडे बदलापूरला जाणार. "तिथे कुठली बोट लागणार," एवढंच बोलले होते.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण चाळीतल्या प्रत्येकाला ती माहीत आहे. काकांना एकच मुलगी, मेधा. माझ्याहून थोडी लहान. हुशार, हट्टी आणि गोडखाऊ. घरी जेवायला येणाऱ्या या पाहुण्यांपैकीच एका फिलिपिनो मुलाच्या प्रेमात ती पडली. मुलगा रीतसर काकांना विचारायला आला. फुलं घेऊन आला, बिचारा. आणि सगळ्या जगाला पाटावर बसवून जेवू घालणाऱ्या आमच्या काकांनी त्याला जिन्यावरून खाली घालवला. मेधाने कोर्टात लग्न केलं आणि ती त्याच्या गावी, इलोइलोला, निघाली. त्या दिवशी काका गॅलरीत उभे राहून सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असे ओरडले होते, "आजपासून मेधा मला मेली. कोणी तिचं नाव काढायचं नाही." काकी आत गॅस बंद करून बसल्या होत्या.

या माणसाचं मला कधी कोडं सुटलं नाही. त्याला जग पाहुणा म्हणून चालत होतं, जावई म्हणून चालत नव्हतं. मी तेव्हा त्यांच्याशी बरेच दिवस बोलत नव्हते. काकी मात्र दुपारी गुपचूप माझ्या घरी येऊन माझ्या फोनवरून मेधाशी बोलायच्या. असं काही वर्षं चाललं आणि एके दिवशी काकी गेल्या. मेधाचे तेव्हा दिवस भरत आले होते, तिला येता आलं नाही. काकांनी तिच्याशी फोनवरसुद्धा बोलायला नकार दिला.

पुढे साथ आली, ती ओसरली, आणि त्यानंतर कधीतरी काका बदलले. आमच्या पलीकडे सावंतबाई राहतात. त्यांनी एकदा धीर करून विचारलं, "काय वो काका, मेधा बरी आसा मा?" आम्ही श्वास रोखून बसलो. काका म्हणाले, "मजेत आहे." त्यानंतर जो विचारेल त्याला हेच उत्तर. मजेत आहे. सगळ्या चाळीला आनंद झाला. म्हातारा वितळला, असं जो तो म्हणाला. मीसुद्धा म्हटलं.

पितृपक्षातल्या नवमीला, म्हणजे अविधवा नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने पान वाढतात आणि एका सवाष्णीला जेवायला बोलावतात. काकींच्या नवमीची सवाष्ण मी. दरवर्षी बँकेतून अर्ध्या दिवसाची रजा काढते. खीर, वडे, भोपळा, गवार, आमसुलाची चटणी असा सगळा स्वयंपाक काका स्वतः करतात, आणि वड्यांना भोक मधोमध पडलं नाही तर स्वतःवरच चिडतात. पहिली काही वर्षं आम्ही दोघंच जेवलो. मग एका वर्षी काकांनी जाहीर केलं की नवमीला बोटीवरचा एक माणूस जेवायला हवाच. "तिच्या हातचं सगळ्या बोटी जेवल्या. आता तिच्या पानाला पाहुणा नको?"

कोणालाही पटण्यासारखं होतं. तेव्हापासून नवमीचा पाहुणा सुरू झाला. काका त्याला आधी गच्चीवर घेऊन जायचे, कावळ्याला पान ठेवायला. मी खाली वडे तळत असायचे. तुर्क आला त्या वर्षी तो गच्चीवरून छातीवर हात ठेवून उतरला आणि जेवताना एक शब्द बोलला नाही. ग्रीक आला तो तर डोळे पुसतच खाली आला. चाळीने ठरवून टाकलं की त्याला कबुतरांची अॅलर्जी असणार.

एकच अट होती. फिलिपिनो सोडून कोणीही. जगातल्या निम्म्या बोटींवर फिलिपिनो असतात, तेच नेमके काकांना चालत नव्हते. मेधाबद्दल 'मजेत' म्हणणाऱ्या माणसाचा जावयाच्या देशावर अजून राग कसा, हे आम्हाला कळत नव्हतं. पण म्हातारपणी एवढा विसंगतपणा चालायचाच, म्हणून आम्ही सोडून दिलं होतं.

आणि दरवर्षी पाहुणा मिळणं कठीण होत गेलं. मोठ्या बोटी आता खाडीपलीकडच्या बंदरात लागतात. सकाळी आलेली बोट रात्री निघते. खलाशांना उतरायचा पास मिळत नाही. काका पितृपक्ष लागला की रे रोडला, धक्क्यावर, गोदीच्या गेटवर फेऱ्या मारू लागतात. गेटवरचे जवान नवे, त्यांना काका कोण हे माहीत नाही. एकाने यंदा त्यांना विचारलं, "चाचा, किसको ढूँढ रहे हो?" काका म्हणाले, "कोई भी." त्याने त्यांना हाताला धरून रस्त्याच्या पलीकडे नेऊन सोडलं.

नवमीच्या आदल्या दिवशी ते फोर्टमध्ये माझ्या बँकेत येऊन उभे राहिले. धुळीने भरलेल्या चपला, हातात छत्री. माझी जेवणाची सुट्टी होती. म्हणाले, "जवळच खलाशांचं एक वसतिगृह आहे. तू चल. तुझं इंग्रजी बरं आहे."

वसतिगृहातल्या कारकुनाने रजिस्टर न बघताच सांगितलं, "एकच आहे. दात दुखतो म्हणून बोटीवरून उतरवलाय. परवाचं विमान. फिलिपिनो."

"दुसरा कोणी?" काकांनी विचारलं.

"काका, हे काय मेन्यू कार्ड आहे काय?"

काका वळले आणि बाहेर पडले. मी मागोमाग गेले. ते फुटपाथच्या कठड्यावर बसले होते. मला संताप आला. भूक लागली होती, सुट्टी संपत आली होती, आणि या माणसाचा हेका संपत नव्हता.

"काका, पुरे आता. त्या पोराने तुमचं काय वाकडं केलंय? मेधा तिकडे सुखात आहे ना?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हो. सुखात आहे."

"मग?"

ते छत्रीची मूठ पुसत बसले. "पुढच्या वर्षी ही गच्ची नसणार," ते शेवटी म्हणाले. "बोलाव त्याला."

त्याचं नाव डॅनिलो. पंचविशीचा असेल, गाल सुजलेला, स्वभावाने मऊ. दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून, केळ्यांचा घड घेऊन वेळेवर आला. खोलीत सगळीकडे बांधलेली खोकी होती. काकींचा फोटो तेवढा भिंतीवर होता. काकांनी त्याला पाणी दिलं आणि मी वाट बघत राहिले, की आता त्याच्या भाषेतला कांदा, 'सिबुयास', म्हणतील. म्हणाले नाहीत.

यंदा काकांचा गुडघा धरला होता. "शुभदा, एक पान तू घे," ते म्हणाले. ओट्यावर केळीची दोन पानं वाढून ठेवली होती. पाहुणा यायला लागल्यापासून दोनच असायची. दुसरं पूर्वजांचं असणार, असं मी धरून चालले होते. एक त्यांनी उचललं, एक मी, आणि डॅनिलो मागून पाण्याचा तांब्या घेऊन आला.

गच्चीवर ऊन होतं. कठड्यावर पानं ठेवली. पलीकडे जिथे पूर्वी गिरणीची कौलं दिसायची तिथे आता काचेच्या इमारती आहेत. कावळे कुठेच नव्हते. डॅनिलोने अदबीने विचारलं, "सर, हे कोणासाठी?"

काकांनी एका पानाकडे बोट केलं. "वाइफ." मग दुसऱ्या पानाकडे. "डॉटर. युवर कंट्री. इलोइलो." आणि थोडं थांबून म्हणाले, "फिनिश."

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग काकांनी माझ्याकडे न बघता मराठीत सांगितलं. साथीच्या वर्षी मेधाला ताप आला. जावयाचा फोन आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिचा मुलगा लहान आहे.

"काका, आम्हाला सांगितलं का नाही?"

"कुठल्या तोंडाने सांगू? मेली मेली म्हणून मीच ओरडलो होतो ना गॅलरीत. सगळ्यांनी ऐकलंय." ते कठड्याला धरून उभे होते. "आणि नवमी कोण करणार तिची? सवाष्ण गेली. तिच्या सासरी करायची, पण त्यांच्यात नवमी नसते. उपाशी असेल पोर."

तुर्काला हे माहीत होतं. ग्रीकाला माहीत होतं. या गच्चीवर येऊन जो जो परका माणूस उभा राहिला, त्या प्रत्येकाला काकांनी आपलं दुःख एका शब्दात सांगितलं होतं, कारण तो ते घेऊन समुद्रात निघून जाणार होता. भिंतीला भिंत लावून राहणारी मी मात्र त्यांना विचारत होते, मेधा कशी आहे, आणि ऐकून खूश होत होते. फिलिपिनो माणूस का नको, तेही आता कळलं. तो खरं काय ते सांगेल, तिथे पोरीचं कोणी काही करत नाही असं सांगेल, याची त्यांना धास्ती होती.  

डॅनिलोला मराठी कळलं नव्हतं. मी त्याला जमेल तसं सांगितलं, की काकांना वाटतं त्यांच्या मुलीला कोणी जेवू घालत नाही.

तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. "पण घालतात की, मॅडम," तो म्हणाला. मग काकांकडे वळून, सुजलेल्या गालाने सावकाश सांगू लागला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांच्याकडे सगळं गाव कबरस्तानात जातं. आधी कबर धुतात, रंग देतात. मग मेणबत्त्या लावतात आणि घरून जेवण घेऊन जातात. दिवसभर तिथेच बसतात, तिथेच जेवतात, पोरं तिथेच झोपतात. गेलेल्या माणसाचं ताट वेगळं वाढतात. नवरा बोटीवर असला तर सासू जाते, सासू नसली तर शेजारी जातात. कोणाला सोडत नाहीत.

"राइस?" काकांनी विचारलं. माल तपासणाऱ्या माणसासारखा आवाज होता.

"राइस, सर. ऑलवेज राइस."

काका माझ्याकडे वळले. "विचार त्याला, गोड काही असतं का. तिला गोड लागायचं."

मी विचारलं. डॅनिलो म्हणाला, असतं. चिकट तांदूळ नारळाच्या दुधात शिजवतात आणि वर गुळासारखी काळी साखर घालतात. त्याची आई तो भात करते, सगळ्यांच्या आया करतात.

"नारळ आणि गूळ," काका म्हणाले. "म्हणजे नारळीभातच की." मग त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड झाकलं आणि ते खाली बसले. डॅनिलो त्यांच्या शेजारी बसला आणि त्याने तांब्यातलं पाणी त्यांना पाजलं. आम्ही खूप वेळ थांबलो. कावळा आला नाही. शेवटी पानं तशीच ठेवून आम्ही खाली उतरलो.

डॅनिलोला दातामुळे वडे चावेनात. तो नुसती खीर जेवला, वाटीवर वाटी. मी सवाष्ण म्हणून कुंकू लावून पानावर बसले आणि घास गिळत राहिले. जाताना काकांनी त्याला वड्यांची पुडी बांधून दिली, गाल बरा झाला की खा म्हणून. इलोइलोला जा, तिथे अमुक दे, असं काही ते त्याला बोलले नाहीत. त्याचं गाव इलोइलोपासून फार लांब, दुसऱ्याच बेटावर होतं.

आम्ही दोघं त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेलो. परत येताना गॅलरीत सावंतबाई त्या न सुटणाऱ्या गाठीच्या दोरीवरचे कपडे काढत होत्या. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "काय वो काका, फिलिपिनो पाहुणो इललो? मेधा काय म्हणता?"

मी काकांकडे बघितलं नाही.

"मजेत आहे," काका म्हणाले. जरा थांबून त्यांनी पुढे सांगितलं, "तिकडे तिला नारळ-गूळ घातलेला भात करतात म्हणे. दरवर्षी."

"बरा झाला," सावंतबाई म्हणाल्या. "पोरीची आबाळ नाय."

"नाही," काका म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले. मी माझ्या घरात येऊन दार लावून घेतलं.